पाचवीचे हत्यार

आषाढ अर्धा सरला, तरी बारकूच्या दोन खाचरांपैकी एकाचीच भाताची आवणी उरकली होती. बदलापूर गावातून बारवीकडे जाणारा रस्ता धरणाच्या पाण्याशी येऊन थबकतो. तिथून उजव्या अंगाने डोंगर चढले की अकरा घरांची करवंदवाडी लागते. वाडीच्या खाली, ओहोळाच्या काठाला, ती दोन खाचरे होती. जमीन वनखात्याची. बारकूच्या बापाने तिथे बांध घातले, बारकूने ते राखले. परंतु त्यांच्या नावाचा कागद कचेरीतून अद्याप खाली उतरला नव्हता. वनहक्काच्या दाव्याची पावती तेवढी एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेली होती. या कारणाने वाडीतला कोणीही माणूस खाकी रंगाकडे मान वर करून पाहत नसे.

वर्षाचे आठ-नऊ महिने बारकू आणि त्याचा मुलगा विकास उरणच्या अंगाच्या एका बंदरात, हेमंत नाखव्याच्या बोटीवर खलाशी म्हणून राबत. डोंगरातली माणसे दर्यावर कशी गेली, याचे उत्तर सोपे आहे. जिथे काम होते तिथे ती गेली. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की बापलेक परत येत आणि गुडघाभर चिखलात उभे राहत.

त्या दिवशी पाऊस एकसारखा कोसळत होता. ठमी, बारकूची बायको, इरले पाठीवर घेऊन राबातली रोपे उपटत होती. मूठ बांधता बांधता ती म्हणाली, "आज पाचवी हाय, ध्यान हाय ना? कौसाबाय येल दिवस बुडायला. समदं जमलंय. कोयता तेवढा घरी पायजे."

विकासची बायको भारती पाच दिवसांपूर्वी बदलापूरच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली होती. मुलगा झाला होता. तिला आईबाप नसल्यामुळे बाळंतपण सासरीच होते.

"बांधावरची निरगुडी तोडायची हाय," विकास वाकल्या वाकल्या म्हणाला. "येताना आणतो ना मी. टेन्शन काय घेतंस, आये?"

"टेन्शन नाय रं. पोराच्या उशाला लोखंड लागतंय. इसरशील तू. बायकोला दवाखान्यात न्यायची तं छत्री इसरलास."

"छत्री नव्हती इसरलो. फाटली होती."

"मंग फाटकीच न्यायची."

बारकूला हसू आले, पण ते ओठांपर्यंत पोहोचले नाही. त्याची दृष्टी मुलाच्या उजव्या हातावर गेली. रोप रोवताना विकास अंगठा आणि दोन बोटेच वापरी, तळवा मिटलेला ठेवी. तळव्यावर एका रेषेत, सारख्या अंतरावर, चार खोल व्रण होते. ते बरे झाले होते, परंतु बुजले नव्हते.

इतक्यात बांधावरच्या प्लास्टिकच्या पिशवीत फोन वाजला. बारकूने हात ओहोळात खळबळले, फोन कानाला लावला.

"बारक्या, माजा माल सुका हाय ना?" नाखव्याचा आवाज होता.

"हाय, शेट. माळ्यावर हाय."

"एक तारखेला दोघांनी यायचा. नवीन होडीच्या पूजेला तो पायजे माना. आनि तोंड बंद हाय ना?"

"बंद हाय."

"ऱ्हाऊदे तसाच. तुजे पोराचे हातानी झालंय ते. माजे हातानी नाय. ध्यानात ठेव."

फोन बंद झाला. बारकू तो पिशवीत गुंडाळून पुन्हा चिखलात उतरला. ठमीने रोपांची एक मूठ त्याच्या पायाशी फेकली आणि चिखलाचे शिंतोडे त्याच्या तोंडावर उडाले.

घडले होते ते असे. मे महिन्याच्या अखेरीस, हंगामाच्या शेवटच्या फेरीत, जाळ्यात एक करवत मासा आला. नऊ-दहा हात लांब, आणि तोंडापुढे दोन्ही कडांना दात असलेली भली मोठी करवत. अशा माशाचे चित्र खलाशांनी मार्चमध्येच पाहिले होते. हर्षदा नावाची एक संशोधक मुलगी बंदरात येऊन ते सर्वांना दाखवून गेली होती. "हा जाळ्यात आला तर जाळं कापा, मासा सोडा. आणि मला फक्त जागा सांगा. दुसरं काही नको," असे ती म्हणाली होती. बारकू बदलापूरकडचा आहे हे कळताच ती हसून म्हणाली होती, "मग काका, आपण शेजारीच! मी अंबरनाथ पश्चिमेची." तिने दिलेले कार्ड बारकूने त्या पत्र्याच्या डब्यात, दाव्याच्या पावतीखाली ठेवले होते.

परंतु नाखव्याने जाळे कापू दिले नाही. मासा बोटीच्या फळीवर ओढला गेला आणि नाखव्याने कुऱ्हाड विकासच्या हाती दिली. हातावर पोट असणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. विकासने एका हाताने करवत दाबून धरली, मासा उसळला आणि चार दात त्याच्या तळव्यात शिरले. तरीही त्याने ती तोडली. धड दर्यात गेले. बोटीच्या यंत्रातली त्या जागेची खूण नाखव्याने पुसून टाकली आणि करवत गोणपाटात बांधून बारकूच्या हवाली केली. "तुमच्या रानात कोन बगतो?"

नाखव्याला ठाऊक नव्हते की रानात पाहणारेच अधिक असतात. करवंदवाडीत भेकराचे शिंग सापडले तरी माणूस दोन दिवस आत बसत असे. दोनदा बारकूने हर्षदाचा क्रमांक लावला होता. दोन्ही वेळा पलीकडे घंटी वाजताच त्याने फोन बंद केला. सांगावे तर पोरगा अडकतो; न सांगावे तर उरातले ओझे उतरत नाही.

विकास खरोखरच कोयता विसरला. निरगुडी तोडून झाल्यावर तो बांधात खोचून ठेवला आणि बापलेक बैलांचा चारा घेऊन वाडीवर आले, तेव्हा दिवस मावळत होता. घरातून बायकांची गाणी ऐकू येत होती. बारकू पायरीवर पाय घाशीत असताना त्याच्या कानांवर कौसाबाईचा आवाज आला. कौसाबाई म्हणजे वाडीची सुईण. तिच्या हातांखालून निम्मी वाडी जन्मली होती.

"असे दात कुठं बगलंव का गो? सटवाय आली तं बाहेरच्या बाहेर पलंल!"

बारकू दारात आला आणि खिळल्यासारखा उभा राहिला. पाट्यावर हळदकुंकू, बाजूला दिवा, भात, अंडे. आणि तान्ह्या मुलाच्या उशाशी, भिंतीला टेकवून, ती करवत उभी होती. तिला हळदीची बोटे ओढली होती. टोकाला कुंकू होते. दाताच्या प्रत्येक फटीत झेंडूची एकेक पाकळी खोचली होती.

"कुणी काढली?" त्याने विचारले.

"मी," कौसाबाई म्हणाली. "कोयता नाय घरात. वरती जुना हाय का म्हून बगाया चढलूं, तं हा दातांचा कोयता. तुजी बायको नको नको करत होती. मी बोल्लूं, चांगलं हत्यार माळ्यावर सडवतंस काय?"

ठमी खाली मान घालून बसली होती. दाराशी वाडीवर आरोग्याच्या कामासाठी फिरणाऱ्या आशाताई वजनाचा काटा आवरत होत्या. बाळाचे वजन करायला आल्या आणि पाचवीला थांबल्या. त्यांच्या हातात मोबाईल होता.

"किती छान ना, बारकूभाऊ! फोटो काढला मी बाळाचा. स्टेटसला ठेवलाय."

आशाताईंना तो काय बोलणार? फोटो स्टेटसवरून काढून टाका म्हणावे तर का, हे सांगावे लागणार.

सारे गेल्यावर तो करवतीकडे वळला. ठमी उठून आडवी झाली.

"हात लावू नको."

"ठमे, खुळी झालीस? कुनी बगितलं तं?"

"पाचवीला ठेवल्यालं हत्यार बारशापातूर उशाचं हलवायचं नाय. विकासच्या आदीच्या पोराला हलवलंवतं. तुच हलवलंवतंस. राबाला कोयता पायजे म्हून."

बारकूचा हात खाली आला. विकासच्या आधीचा मुलगा अकरा दिवस जगला होता. त्या गोष्टीला चोवीस वर्षे झाली होती आणि या चोवीस वर्षांत ठमीने ती एकदाही बोलून दाखवली नव्हती.

कोपऱ्यातून भारती हळूच म्हणाली, "मामा, ऱ्हाऊ द्या ना. सातच दिस."

करवत राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघे बापलेक पाठीला पाठ लावून आवणी करीत होते. पाऊस थोडा उघडला होता, पण डोंगर ढगांत बुडालेले होते. विकास म्हणाला, "बा, मी धरणात टाकून येतो. जाळून टाकतो. नाखव्याला सांगू, उंदरांनी खाल्ली."

"तुजी आय टाकू देल?"

"मग काय, बसून राहायचं? फोटो पूरा बदलापूर फिरला असेल. शिरगावच्या पोरांनी मला मेसेज केला, क्या चीज है भाई म्हणून."

"तू काय बोल्लास?"

"प्लास्टिकची हाय बोललो. जत्रेतली."

बारकू उठून उभा राहिला. त्याची कंबर करकरली. वर वाडीतल्या घरातून धूर निघत होता आणि त्या धुराखाली नातू झोपला होता. त्याच्या उशाशी त्याच्याच बापाचा गुन्हा हळदकुंकू लावून उभा होता. एकीकडे नाखवा, एकीकडे खाते, मध्ये ठमी. बारकूला वाटले, जाळ्याचा घेर आवळत आणतात तेव्हा आतल्या माशाला हेच वाटत असेल. पाणी तर सभोवती आहे. जायला मात्र जागा नाही.

"रोव," तो म्हणाला. "रोप पिवळं पडतंय."

बाळाच्या सातव्या दिवशी दहाच्या सुमारास खालच्या रस्त्यावर जीप थांबली. वनरक्षक भीमराव पुढे आणि मागून निळ्या रेनकोटात एक मुलगी चिखलातून पाय उपटत येत होती. बारकूने तिला ओळखले. तिनेही त्याला ओळखले, आणि तिचे पाऊल क्षणभर अडखळले.

"ए बारक्या! वर ये!" भीमराव बांधावरून ओरडला. "आशाताईच्या स्टेटसला काय लावलंय ते? माझी बायको मला दाखवते आणि मी बीटचा गार्ड! साहेब म्हणाले, ओळख पटवायला या मॅडमला घेऊन जा."

बारकू मांड्यांपर्यंत चिखलाने माखलेला तसाच पुढे झाला. विकास खाचरात राहिला. त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात घातले होते.

घराच्या दारात कौसाबाई पाय पसरून बसली होती. "आत बाळंतीण हाय. बूट घालून कुठं?"

भीमरावने बुटांकडे पाहिले आणि तो उंबऱ्याशीच थांबला. "मग बाहेर काढा ती वस्तू."

"बारशापातूर नाय निघायची."

"म्हातारे, वाघाला जो कायदा तोच याला. बारसं जेलमध्ये करायचंय का?"

आत ठमी बाळाला छातीशी धरून उभी होती. बारकू बांधावरचा कोयता घेऊन आला होता. त्याने तो धोतराच्या सोग्याला पुसला, हळदीत बोट बुडवून पात्यावर ओढले, आणि आधी कोयता उशाशी ठेवला. मग करवत उचलली.

"ठमे, हे हाड हाय. लोखंड नाय. दोन दिस तुज्या नातवाच्या उशाला हाडच होतं. लोखंड आता ठेवलंय बग."

ठमीने तोंड भिंतीकडे फिरवले. पण ती आडवी आली नाही.

पडवीत हर्षदाने करवत दोन्ही हातांत घेतली. झेंडूच्या पाकळ्या तिने एकेक करून काढल्या आणि पायदळी न टाकता पिशवीत ठेवल्या. टेप लावून मोजले, दात मोजले. डाव्या कडेला एकोणीस, उजवीला अठरा.

"सात वर्षं मी हा मासा शोधतेय," ती हळू बोलली. "लोक याला मुशीच्या, शार्कच्या जातीचा समजतात. हा पाकटांच्या जातीचा आहे. मला आजवर जुन्या करवतीच मिळाल्या, लोकांच्या देव्हाऱ्यातल्या, वखारीतल्या. ही ताजी आहे."

"कुणी तोडली?" भीमरावने वही उघडली.

"मी," बारकू म्हणाला.

"आणि पोरगा? तो पण त्याच बोटीवर ना? ए, इकडे ये! हात धू आणि ये!"

विकास खाचरातून वर आला. हात त्याने धुतले नव्हते. पण पाऊस पुन्हा सुरू झाला होता, आणि अंगणात उभ्या उभ्या चिखल त्याच्या बोटांवरून ओघळू लागला.

"तो खाली इंजिनात होता, सायेब. त्याला ठाव नाय."

"हात कसला मिटलायस? उघड."

विकासची मूठ अर्धी उघडली. हर्षदा त्याच्या अगदी जवळ उभी होती. तिच्या एका हातात टेप होती, दुसऱ्यात करवत. तिने तळव्यावरचे चार व्रण पाहिले, मग करवतीचे दात पाहिले. दातांमधले अंतर आणि व्रणांमधले अंतर तिच्याइतके अचूक वाचणारे त्या अंगणात दुसरे कोणी नव्हते. ती विकास आणि भीमरावच्या मध्ये आली.

"दादा, जरा हे टोक धरा. रुंदी राहिली. आणि फोटोला उजेड कमी पडतोय, तुम्ही इकडून उभे राहा."

भीमरावने टेपचे टोक धरले. विकासची मूठ मिटली. मोजून झाल्यावर भीमरावने मान वळवली, तोवर विकास गोठ्यात गेला होता.

हर्षदा बारकूसमोर पायरीवर बसली. तिचा आवाज कोरडा झाला होता. "काका, तुम्ही मला फोन केला होतात का? दोनदा?"

"हो."

"मी उलट लावला. बंद होता."

"डोंगरात रेंज नसती." हे अर्धे खरे होते. मग जे सांगायचे ठरवले नव्हते तेच त्याच्या तोंडून निघाले. "मॅडम, ती मादी होती. फळीवरच याली."

हर्षदा पुढे झुकली. "काय म्हणालात?"

"पिल्लं झाली. दोन हाताची असतील एकेक. समदे करवत बगाया जमलेवते तं मी एकेक उचलून दर्यात सोडली. चावतील, कापतील असं वाटलं. पन नाय कापलं. त्यांची करवत बंद व्हती."

"बंद म्हणजे?"

बारकूने अंगणात पडलेल्या मुठीतले एक रोप उचलले, ते ठेवले, आणि हाताने दाखवले. "भात पोटरीत असतो ना? कणीस आत असतंय, वरून कवळं पान गुंडाळल्यालं. तशी. वरून मऊ साल. आत दात हाताला लागायचं, पन टोचायचं नाय."

तिने डोळे मिटून घेतले. "हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही ना?"

"कोन सांगंल?"

"कोणीच नाही सांगू शकत," ती म्हणाली. "जन्मतः तसंच असतं, आईला लागू नये म्हणून. मी पुस्तकातच वाचलंय. काका, पिल्लं तिथे झाली म्हणजे ती जागा त्यांची आहे. त्या महिन्यापुरती तरी तिथे जाळी जाऊ नयेत म्हणून मला भांडता येईल. जागा कुठली?"

"यंत्रातनं पुसली."

भीमराव म्हणाला, "मी लिहिलंय, अरबी समुद्र."

"नाय सायेब. जागा ठाव हाय मला." बारकूने काठी घेतली आणि ओल्या अंगणात एक रेघ ओढली. "आदल्या सांच्याला सर येऊन गेलीवती. हवा धुतल्यासारखी झालीवती. मी नेमी आपला डोंगर शोधतो, दिसला तं बरं वाटतंय. त्या दिशी खांदेरीच्या बेटावरला दिवा असा पुढं, आन त्याच्या बरोब्बर डोक्यावर मलंगाचा सुळका. जरा डावा नाय, जरा उजवा नाय. खांदेरीपासनं दोन तास बाहेर. पाणी आठ वाव खोल."

त्याने सुळका काढला. हर्षदा पाहत राहिली. "मी रोज स्टेशनवरून मलंग बघते, काका. तो असा नाही. ही खाच दुसऱ्या बाजूला असते."

"तुमी इकडनं बगता. दर्यातनं पाठमोरा दिसतो तो."

पावसाचे थेंब चित्रावर पडू लागले. तिने घाईने फोटो घेतला, मग वहीत तेच चित्र पुन्हा काढले. मलंग पाठमोरा काढला. मग भीमरावकडे वळून म्हणाली, "जबाबात असंच लिहा. खांदेरीच्या दिव्यावर मलंगगड."

"साहेब हसतील मला."

"हसू देत. लिहा."

भीमरावने लिहिले. मग वही पुढे करून म्हणाला, "सही कर. आणि चल, जीपमध्ये बस. दाव्याची पावती आहे ना तुझी? ती पण घे. साहेब विचारतील."

बारकूने पत्र्याच्या डब्यातून पावती काढली. खाली ते कार्ड होते. ते त्याने तिथेच राहू दिले. गोठ्याच्या दारात विकास उभा होता. त्याचे ओठ हलत होते.

"बा, मी सांगतो त्यांना. मी..."

"दुसरं खाचर परवापातूर उरक," बारकू म्हणाला. "आन एक तारखेला बंदरात जा."

"आता परत? त्याच्याकडं?"

"नाय गेलास तं तो बोलंल. जा. कुऱ्हाड दिली तं हात दुखतो म्हून सांग."

विकास खाली बसला. बारकूने त्याच्या डोक्याला हात लावला नाही. हात चिखलाचे होते. ठमी दारात आली. तिने टॉवेलात बांधलेली भाकर त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "कोयता हाय उशाला. म्या बगितला." इतकेच ती बोलली.

जीपपर्यंतची वाट निसरडी होती. भीमराव पुढे गोणपाट खांद्यावर घेऊन चालला होता. हर्षदा चालता चालता वही उघडून पुटपुटत होती. "पिल्लं किती सोडलीत, काका? मघाशी विचारायचं राहिलं."

"सात."

"सात जिवंत पिल्लं," ती लिहीत म्हणाली. तिच्या आवाजात प्रथमच आनंद आला.

बारकू जीपच्या मागच्या फळीवर चढला. भीमरावने दार लावले. गाडी चालू झाली, हलली, आणि बारकूने आतून पत्र्यावर थाप मारली.

"आता काय?" भीमराव खेकसला.

हर्षदाने पुढच्या आसनावरून मागे वळून पाहिले. बारकू दोन्ही हातांनी गज धरून बसला होता. आज त्याने पोरासाठी एक खोटे सांगितले होते आणि ते त्याच्या अंगावर आयुष्यभर राहणार होते.

"मॅडम, खोडा ते. सात सोडली, पन सातवं पोवलं नाय. पोट वर करून ऱ्हायलं. लय येळ बगितलं मी, बोट लांब जाईपातूर."

हर्षदाची लेखणी थांबली.

"सहा लिहा," बारकू म्हणाला.